कुमुदताईंच्या डचेस

रियाधमध्ये मी आठ वर्षं काढली, आणि तिथं मला सगळ्यात जास्त माहिती कुणाची झाली असेल तर दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये मेलेल्या बायकांची. कोणती डचेस पत्त्यांत काय काय घालवून बसली, कुठल्या लेडीनं भर नाचात कुणाकडे पाठ फिरवली, कुणाच्या नवऱ्याचं कुणाशी जमलेलं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक असूनही सगळे एका टेबलावर जेवायला कसे बसायचे, हे मला आजही झोपेतून उठवून विचारा. आमच्या इमारतीमागच्या गल्लीत काय होतं ते मात्र विचारू नका. त्या गल्लीत मी एकटी कधी गेलेच नाही. हे सगळं कुमुदताई टिपणीस नावाच्या बाईमुळं.

अल मलाझमधल्या एका जुन्या चारमजली इमारतीत आम्ही राहायचो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, टिपणीस तिसऱ्या. माझा नवरा एका बँकेत कॉम्प्युटरचं बघायचा. टिपणीस नळ, टाइल्स असलं सामान विकणाऱ्या एका कंपनीत अकाउंटंट होते. मी नवीन नवीन गेले तेव्हा खोक्यांच्या मधोमध बसून रडत होते. सांगलीत दिवसातून चारदा चप्पल पायात घालणारी मी. आणि इथं नवरा घरी आल्याशिवाय दूध आणायलासुद्धा खाली उतरायचं नाही, हे माझ्या डोक्यात शिरेना. तेवढ्यात बेल वाजली. दारात एक उंच, काटकुळी बाई. सुती साडी, चष्म्याला दोरी, आणि तिथं बायकांनी बाहेर घालायचा पायघोळ काळा अबाया अंगात न घालता शालीसारखा खांद्यावर टाकलेला.

"मी पंधरा मिनिटं बसणार आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या भेटीला त्याहून जास्त बसायचं नसतं."

आणि खरंच, पंधरा मिनिटांनी अर्धा चहा कपात ठेवून त्या उठल्या. मी म्हटलं, अहो चहा तरी संपवा. तर म्हणाल्या, "नको, नियम म्हणजे नियम. मंगळवारी मी घरी असते. चार वाजता ये."

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, वरच्या मजल्यावर एक चक्रम बाई राहते. मंगळवारी घरी असते म्हणे. बाकीचे दिवस काय सिनेमाला जाते का? इथं आम्ही सगळ्याच सगळे वार घरी होतो. पण मंगळवार आला आणि मी गेले. दुसरं जाणार कुठं होते?

तिथं कळलं की ही रीत त्या विलायती बायकांची. प्रत्येकीचा एक वार ठरलेला, त्या दिवशी ती घरी 'असते', म्हणजे भेटते. बाकीचे दिवस ती घरातच असली तरी नोकर दारातून सांगतो, बाईसाहेब घरी नाहीत, आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही. कुमुदताईंकडे नोकर नव्हता, त्यामुळं बुधवारी बेल वाजवली तर त्या स्वतःच दार उघडून "मी घरी नाहीये गं" म्हणायच्या आणि मग आत घ्यायच्या.

मंगळवारला आम्ही तिघी. कुमुदताई, मी आणि श्रीवर्धनच्या शमीमभाभी. भाभींच्या नवऱ्याचं बत्ह्याच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. वीस-बावीस वर्षं तिथं काढलेल्या, अरबी घरातल्यासारखी बोलायच्या, आणि कुठंही गेल्या तरी हाताला काम लागायचं. कोथिंबिरीची जुडी पिशवीतून घेऊनच यायच्या. दुपारच्या, असरच्या अजाननंतर आम्ही जमायचो आणि सूर्यास्ताच्या, मगरिबच्या आत उठायचो. कपबशीतून चहा, सोबत ताईंचे कानवले. मग एकदा का दोरीचा चष्मा नाकावर चढला, की त्या मांडीवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडून मराठीत सांगायला लागायच्या.

पुस्तकं सगळी एकाच जातीची. विलायतेतल्या बड्या घरांतल्या गमतीजमतींचा इतिहास. लढाया नाहीत, करार नाहीत. नाच, जेवणावळी, भांडणं, लग्नं. एक प्रकारचं गॉसिपच, पण मागं तळटिपा असलेलं. या काळाला 'रीजन्सी' म्हणतात, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय? तर हात झटकून म्हणाल्या, "अगं, राजा वेडा झाला. जिवंत होता, पण सही करण्याच्या कामाचा नव्हता. म्हणून मुलाला त्याच्या नावानं कारभार बघायला बसवलं. तो पहिला धडा जाम रटाळ आहे. आपण नाचापासून सुरू करू." त्या धड्याची पानं त्यांनी एकत्र करून वर कपड्यांचा चिमटा लावून टाकला होता. लाल, प्लॅस्टिकचा. पुस्तक उघडताना तो बोटाला लागायचा.

सांगण्याची पद्धत अशी की त्या सगळ्या बायका ठाण्याला टिपणिसांच्या नात्यात दिल्यासारख्या वाटाव्यात. "आपली ती थोरल्या ड्यूकची धाकटी, तिनं परत घोळ घातलाय," अशी सुरुवात. लंडनमधला 'सीझन' म्हणजे काय, तर "लग्नसराई. गावाकडच्या जमीनदारांनी वयात आलेल्या पोरी घेऊन शहरात यायचं, घर भाड्यानं घ्यायचं, नाचाला न्यायचं आणि उन्हाळा संपायच्या आत खपवायच्या."

"पन ह्या बायका सैपाक कधी करायच्या गो?" शमीमभाभी विचारायच्या.

"करायच्याच नाहीत."

"मग दिवसभर करायच्या काय?"

"वाट बघायच्या," कुमुदताई म्हणायच्या. "बोलावणं येण्याची. मागणी येण्याची. नवरा घरी येण्याची. आपण काय वेगळं करतो? कुमारिकेनं बंद घोडागाडीत परक्या पुरुषाबरोबर बसायचं नाही, आईशिवाय नाचाला जायचं नाही, एकटीनं रस्त्यानं चालायचं नाही. त्यांना घोडागाडी होती, आपल्याला टिपणिसांची कोरोला आहे."

एकदा मी विचारलंच, की तुम्हाला यांचंच एवढं का वेड? जगात काय दुसरा इतिहास झाला नाही? त्या म्हणाल्या, "त्यांना कुठं एकटीनं जाता येत नव्हतं आणि करायला काही नव्हतं. तरी त्यांनी वेळ कसा झोकात काढला बघ. मला तेवढंच शिकायचंय."

नाचाचं वर्णन आलं की मी विचारायची, तुम्ही असतात तर कुणाबरोबर नाचला असतात? त्या म्हणायच्या, मला नाचायचंच नाही. मला भिंतीकडेच्या खुर्चीवर बसायचंय. नाचाच्या हॉलमध्ये भिंतीला लागून खुर्च्या मांडलेल्या असायच्या आणि त्यावर मुलींच्या आया बसायच्या. "काही करायचं नाही. नुसतं आपलं पोर मधोमध फिरताना बघायचं. त्याच्यासारखी जागा नाही," असं म्हणताना त्यांचा चेहरा अगदी वेगळा व्हायचा. त्यांची एकुलती एक केतकी रियाधला बारावी करून पुण्याला शिकायला गेली होती. आमच्याकडच्या सगळ्या पोरांचं तेच. बारावी झाली की विमानात बसवायचं, आणि आईनं रिकाम्या खोलीचं दार लावून घ्यायचं.

या पुस्तकांचीही एक गंमत होती. मुखपृष्ठांवर त्या बायकांची जुनी तैलचित्रं, आणि त्या काळच्या झग्यांचे गळे म्हणजे विचारू नका. रियाधच्या विमानतळावर तेव्हा बॅगा उघडून बघायचे. असलं चित्र दिसलं की काळ्या मार्करनं फासायचे, नाहीतर पुस्तकच बाजूला काढायचे. त्यावर ताईंनी उपाय काढला होता. सुट्टीहून परत येताना विमानात बसल्या की त्या निळं बॉलपेन काढून एकेका डचेसला ब्लाउज शिवायच्या. शिवायच्या म्हणजे रेखाटायच्या, पण इतक्या मन लावून, की बाहीला चुण्या, गळ्याला लेस, पुढं बटणं. एकीला तर चक्क पदर दिला होता. एका वर्षी कस्टमचा पोरगेला अधिकारी ते पुस्तक बराच वेळ पानं उलटून बघत राहिला. टिपणीस घामाघूम. शेवटी त्यानं विचारलं, हे कुणी केलं? ताई म्हणाल्या, मी. तो पदरवालीवर बोट ठेवून म्हणाला, "हिंदी?" म्हणजे भारतीय का? ताईंनी मान डोलावली. तो हसला आणि पुस्तक परत बॅगेत ठेवलं. ही गोष्ट निघाली की टिपणीस नंतरही घामाघूम व्हायचे.

टिपणीस म्हणजे 'हो का' एवढंच बोलणारा माणूस. ताई त्यांना 'बॅरन' म्हणायच्या, आणि त्याचा हिशेब होता. आमच्या रियाधच्या भारतीय मंडळींना त्यांनी पायऱ्या लावून दिल्या होत्या. भिंतीआड पोहण्याचा तलाव असलेल्या कंपाउंडात राहणारे ते ड्यूक. बँकवाले आम्ही अर्ल. जुन्या इमारतीतले अकाउंटंट बॅरन. यातल्या ड्यूक मंडळींपैकी एका बाईंकडे दिवाळीचा फराळ असायचा आणि त्याला बोलावणं येणं ही मोठी गोष्ट. एका वर्षी टिपणिसांनाही आलं. ताईंनी साडी काढली, कानवले केले. आम्ही चौघं एकाच गाडीतून गेलो. गेटवर पहारेकऱ्याकडे आमचं नाव होतं, त्यांचं नव्हतं. यजमानीणबाईंना फोन लावला तर उचलेनात. माझा पारा चढला. मी म्हटलं, आपण सगळेच परत फिरू. ताई म्हणाल्या, "अजिबात नाही. तुम्ही आत जा आणि कोण काय नेसलंय ते नीट बघून या. लंडनमध्ये एका नाचघराच्या दारातून पास नाही म्हणून ड्यूकलासुद्धा परत पाठवायचे. मी आज त्याच्या रांगेत गेले." दोघं टॅक्सी करून परत गेले. वाटेत बॅरननी शावरमा खायला घातला म्हणे. मला आलेला राग त्यांना दुसऱ्या दिवशीही आला नव्हता. निदान दिसला तरी नाही.

मग केतकीचं लग्न ठरलं.

मुलगा पुण्याचा, चांगल्या घरातला, मेलबर्नला नोकरी लागलेला. त्याच्या रुजू व्हायच्या तारखेआधी लग्न उरकायचं होतं, म्हणून मुहूर्त मे महिन्यातला धरला. ताईंनी इथूनच हो कळवलं. इथंच ती चूक झाली, पण आमच्यातली कुणीही तेच केलं असतं. तिथली पद्धत अशी, की ज्या मालकाच्या नावावर तुम्ही त्या देशात असता त्या कफीलकडे तुमचे पासपोर्ट. देशाबाहेर पडायचं तर त्याची सही आणि शिक्का लागतो, नवऱ्याला लागतो आणि बायकोलाही लागतो. टिपणिसांचा कफील म्हणजे एक म्हातारा शेख. भला माणूस. प्रत्येकाच्या सुट्टीच्या कागदावर तो स्वतः हिरव्या शाईनं सही करायचा, तो अधिकार त्यानं पोटच्या मुलांनाही दिला नव्हता. महिना मागितला की आठवडा कापायचा, पण नाही असं कधी म्हणाला नाही. त्यामुळं आधी तारीख ठरवून मग सही मागायला जाण्याची सगळ्यांना सवय.

त्या दोन महिन्यांत ताईंना भेटायला हवं होतं तुम्ही. मंगळवार म्हणजे नुसती लग्नाची बैठक. डचेस कपाटात गेल्या. भाभींनी बत्ह्यातून परकराची कापडं आणली, मी रुखवताच्या याद्या केल्या. स्वतःसाठी ताईंनी बहिणीकडून गढवाल मागवली होती. लिंबाच्या रंगाची, जांभळ्या काठाची. ती आम्हाला दाखवली, अंगावर धरली, आणि घडी घालून ठेवली. "मांडवात मोडायची घडी," म्हणाल्या.

एप्रिलमध्ये म्हाताऱ्या शेखला झटका आला. मेला नाही. दवाखान्यात उघड्या डोळ्यांनी पडून होता, पण माणूस ओळखेना आणि हात उचलेना. दोन बायकांचे दोन मुलगे. थोरला म्हणे कारभार माझ्याकडे, धाकटा म्हणे माझ्याकडे. प्रकरण कोर्टात गेलं. दुकान उघडत होतं, नळ विकले जात होते, पण कागदावर सही कुणाची चालेना. टिपणीस रोज थोरल्याच्या बैठकीत जाऊन बसायचे, मग धाकट्याच्या. दोघंही प्रेमानं चहा पाजायचे आणि म्हणायचे, इन्शाल्ला, बुकरा. म्हणजे उद्या. इतर कुठं कुठं विचारून झालं. सगळीकडून एकच उत्तर, तुमच्या कफीलची सही आणा.

"असं कसं?" मी भांडायला उठायची. "आईला मुलीच्या लग्नाला जाता येऊ नये?"

"कुणाशी भांडशील?" ताई म्हणाल्या. "कुणी नाही म्हटलेलंच नाहीये."

तेच तर होतं. नाही म्हणणारा एखादा माणूस असता तर त्याला शिव्या घालता आल्या असत्या.

केतकी फोनवर म्हणाली, "आई, we'll postpone. He'll come back in December, तेव्हा करू." ताईंनी साफ नकार दिला. सासरच्यांनी हॉल घेतलाय, पत्रिका वाटल्यात, माझ्यासाठी मुहूर्त थांबवायचा नाही. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन त्या बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "शमीम, म्हाताऱ्याच्या थोरल्या बायकोचा भेटीचा दिवस कोणता, काढता येईल?"

त्यांच्या पुस्तकांत असंच व्हायचं. पुरुषांचं घोडं अडलं की बायका नीट कपडे करून एकमेकींना भेटायला जायच्या, आणि चहाच्या कपावर काम व्हायचं. ताईंचा त्यावर पुरा विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझाही बसला.

भाभींनी ओळखी काढून दिवस मिळवला. आम्ही तिघी गेलो. टिपणीस बाहेर गाडीत बसून राहिले. ताईंनी लग्नाची पत्रिका घेतली होती आणि तिच्यावरच्या गणपतीवर गुलाबाचं स्टिकर लावलं होतं. डचेसना ब्लाउज घालणारी बाई ती.

बायकांचं दार वेगळं. आत शिरलो आणि ताई उंबऱ्यातच थबकल्या. लांबच लांब दिवाणखाना, वर काचेची झुंबरं, सोनेरी पायांच्या खुर्च्या. आणि त्या सगळ्या खुर्च्या भिंतीला लागून. मधोमध गालिचा, पूर्ण मोकळा. भिंतीकडेनं दहा-बारा बायका बसलेल्या. ताई माझ्या कानात कुजबुजल्या, "नीता, नाचाला जागा सोडलीय बघ." आयुष्यभर जे वाचलं ते समोर बघत होत्या.

उम्म सालेह, म्हणजे शेखची थोरली बायको, जाडसर, गुडघ्यांनी थकलेली बाई. तिनं ताईंना शेजारी बसवलं. खजूर आले, वेलदोड्याची कॉफी आली, तब्येतीच्या चौकशा झाल्या. कॉफी पुरे झाली की छोटा कप हातात हलवायचा असतो, ते ताईंनी इतकं झोकात केलं की भाभींनी माझ्याकडे बघितलं. एकच काळजी होती. तिथं उदाची धुपाटी फिरली की पाहुण्यांनी उठायचं असतं. ती यायच्या आत विषय निघायला हवा होता. ताईंचं लक्ष सारखं आतल्या दाराकडे. शेवटी त्यांनी पत्रिका काढून दोन्ही हातांनी पुढं केली आणि भाभींना म्हणाल्या, "सांग, माझी एकच मुलगी आहे."

भाभी बोलत राहिल्या. म्हातारीनं पत्रिका घेतली, त्यावरून बोटं फिरवली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती बराच वेळ बोलली. भाभी ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"काय म्हणते?" ताईंनी विचारलं.

"म्हनते, नवऱ्याला जर्मनीला न्यायचाय. डॉक्टर तयार हायेत. पन कागदावर सही कुनी करायची, त्यावर पोरं भांडतायत. तिची सही चालत नाय. म्हनते, रोज दोघांच्या पाया पडते. तू तुझ्या पोरीकडे जाऊ शकत नायस, मी माझ्या मानसाला हलवू शकत नाय. मला वाटलेला तुमीच दुकानाकडनं काय निरोप आनलाव."

म्हातारीनं ताईंचा हात धरून ठेवला होता. भिंतीकडेच्या बाकीच्या बायका गालिच्याकडे बघत होत्या. मग आतलं दार उघडलं आणि धुपाटी आली. निघताना उम्म सालेहनं नवरीसाठी म्हणून उदाच्या अत्तराची बाटली ताईंच्या हातात कोंबली. गाडीत टिपणिसांनी विचारलं, काय झालं? ताई म्हणाल्या, "फार छान बसवलं आम्हाला." ते म्हणाले, "हो का."

पुढच्या मंगळवारी मी गेले तर पुस्तक बाहेर होतं आणि लाल चिमटा टेबलावर. ताईंनी तो पहिला धडा वाचून काढला होता.

"सगळा खेळ त्या वेड्या म्हाताऱ्यावर उभा होता गं," त्या म्हणाल्या. "आणि मी त्याचीच पानं उलटून पुढं जायची. त्यांच्यातही हेच झालं. राजा बरा होईल, नाही होणार. मुलाला बसवायचं की नाही, बसवायचं तर किती अधिकार द्यायचे. यांनी म्हणायचं असं, त्यांनी म्हणायचं तसं. सगळं दिलंय इथं."

"मग?" भाभी म्हणाल्या.

"मग मी शोधत होते, तोवर ज्यांचं अडलं त्यांचं काय झालं. कुणाची नेमणूक, कुणाची माफी. एखाद्या कारकुनाच्या बायकोला कुठं जायचं असेल. तेवढंच नाहीये यात." त्यांनी पुस्तक मिटलं. "मला फार काही नको होतं, नीता. मला ती भिंतीकडेची एक खुर्ची हवी होती."

मी चहा टाकायला उठले.

लग्नाच्या दिवशी आम्ही सकाळीच वर गेलो. मुहूर्त तिकडे दुपारचा, इकडे सकाळच होती. मला वाटलं ताई ती गढवाल नेसल्या असतील. नव्हत्या. रोजचीच सुती. टिपणिसांनी मात्र कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मुठीत अक्षता धरून ते फोनसमोर उभे होते. कन्यादान ताईंचे भाऊ आणि वहिनी करणार होते. भावानं कबूल केलं होतं, की मंगलाष्टकांच्या वेळी मोबाइल चालू ठेवतो, तुम्ही सगळं ऐका. फोन लागला. सनई ऐकू आली, गलका ऐकू आला, कुणीतरी "पाणी बघा रे" म्हणालं. मग खरखर सुरू झाली. भावाला अक्षता टाकायला हात मोकळे हवे होते, म्हणून त्यानं चालू फोन झब्ब्याच्या खिशात टाकला होता. त्यानंतर आम्हाला नुसता कापडाचा आवाज येत राहिला. खसखस, खसखस. मध्येच दूरवर काहीतरी सुरात चाललंय एवढं कळायचं. 'सावधान' कधी झालं ते कळलंच नाही. टिपणीस ताईंच्या तोंडाकडे बघत होते, टाकू का, म्हणून. ताई कान फोनला लावून हात वर करून त्यांना थांबवत होत्या. एकदम बँड वाजायला लागला आणि कळलं, झालं. अक्षता त्यांच्या मुठीतच राहिल्या. मुठीला घाम आला होता, दाणे तळव्याला चिकटले होते. ताईंनी त्यांचा हात उघडला आणि एकेक दाणा काढत बसल्या. मी तिथं रडले, ते मला लपवायचं नाही. त्या दोघांपैकी कुणी रडलं नाही.

कोर्टानं थोरल्याला कारभारी नेमलं ते ऑगस्टमध्ये. म्हातारा तोवर तसाच होता. पहिल्या कागदांमध्ये ताईंचा कागद निघाला. टिपणिसांचा नाही, कारण हिशेब बघायला माणूस हवा होता. तोवर केतकी मेलबर्नला पोचून घर लावून बसली होती. पुण्यात आता ताईंचं असं कुणीच नव्हतं. भाऊ नागपूरला असतो.

"मग आता जाऊन करणार काय?" मी विचारलं.

"शिक्का पडलाय," ताई म्हणाल्या. "वापरला नाही तर तोही जाईल. जाईन, हॉल बघून येईन. विहीणबाईंना भेटेन, पंधरा मिनिटं बसेन. पहिलीच भेट आहे."

विमानतळावर सोडायला मी आणि माझा नवरा गेलो होतो, टिपणीस होतेच. ताई अबायात, गळ्यापर्यंत बंद. एरवी त्या तो खांद्यावर टाकायच्या, आज बटणं सगळी लावलेली. हातातल्या पिशवीत ते पुस्तक आणि उदाची बाटली. टिपणिसांनी दहा वेळा विचारलं, पासपोर्ट घेतलास ना. त्या पुढं गेल्या. पासपोर्टच्या रांगेत त्यांचा नंबर आला, काचेमागच्या माणसानं पानं उलटली, शिक्का बघितला, त्यावर स्वतःचा मारला.

पलीकडं गेल्यावर त्या वळल्या. आमच्याकडे बघून त्यांनी अबायाचा घोळ चार बोटं वर उचलला. खाली जांभळा काठ होता. गढवाल नेसल्या होत्या, घडी मोडून. मी काठ बघितला हे माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळेपर्यंत त्यांनी तो तसाच धरून ठेवला. मग सोडला, आणि सगळं परत काळं झालं.

टिपणीस म्हणाले, "काय दाखवत होती ती?"

मी म्हटलं, "साडी."

"हो का," ते म्हणाले, आणि त्या दिसेनाशा झाल्या होत्या तरी तिकडे बघून हात हलवत राहिले.